चौथ्या शिळेची मागची बाजू

३ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील. दगडावर कोरून कोरून माझा हात असा झालाय की कागदावरसुद्धा अक्षर दाबून उमटतं. तरी उघडलंस, बरं केलंस. आणि उघडलं नसशील तर मी भिंतीशी बोलतेय. त्याचीही सवय आहे मला.

कामाचं सांगते. आपल्या भागातल्या सैनिकांचं स्मारक नव्याने बांधताहेत. बाबांनी आणि मी कोरलेल्या पाचही शिळा उतरवणार, त्यांच्या जागी काळा दगड येणार. जुन्यांवरची अक्षरं गेलीच आहेत. बसस्टँडच्या बाजूच्या तीन शिळा धुराने आणि पाण्याने इतक्या झिजल्यात, की नाव वाचायला त्यावरून बोट फिरवावं लागतं. बाबा तेव्हाच म्हणाले होते, हा दगड मऊ आहे, पंचवीस वर्षांच्या वर टिकायचा नाही. पण खाण होती स्मारक समितीच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या मेव्हण्याची. मग काय, दगडापेक्षा मेव्हणा जड.

नवं काम मलाच मिळालंय. एकवीस गावं, तीनशे बारा नावं. आता छिन्नी कमी आणि मशीन जास्त. रबराचा साचा चिकटवायचा आणि वरून वाळूचा फवारा मारायचा. शेवटचा हात मात्र मी छिन्नीनेच फिरवते, कारण वेलांटी कुठे बारीक करायची ते मशीनला कळत नाही.

तीनशे बाराची तीनशे तेरा नावं होऊ शकतात, म्हणून हे पत्र. जे बेपत्ता म्हणून लागले त्यांनाही या वेळी घेणार आहेत. रक्ताच्या दोन नातेवाइकांनी अर्जावर सही करायची, की आमच्या मते हा माणूस युद्धात गेला. आई-बाबा नाहीत. लांब्याच्या रक्ताचे म्हणून आता तू आणि मी, दोघंच उरलोय. अर्ज सोबत जोडलाय. वर माझी सही आहे. खाली तू कर आणि पाठव. शेवटची तारीख २० मार्च.

आपला मधला भाऊ लांब्या एकोणतीस वर्षं कुठल्याच यादीत नाही. ना मेलेल्यांच्या, ना जिवंतांच्या. लागू दे बिचारा एकदाचा कुठेतरी.

मागचं उकरायचं नाही. सही तेवढी कर.

ताई

१७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझ्या बायकोचा फोन आला. आवाज चांगला आहे तिचा, पहिल्यांदाच ऐकला. ती म्हणाली, तुझं म्हणणं असं आहे की ताईने त्या सभेत असं का केलं ते आधी लिहावं, मग सहीचं बघू. तू शेजारीच उभा होतास. घसा खाकरलेला ऐकू आला मला. उंटावरून शेळ्या हाकायची तुझी खोड अजून तशीच आहे.

ठीक आहे, लिहिते.

स्मारकाची कथा तुला अर्धीच माहीत आहे, कारण पुरी व्हायच्या आत तू गेलास. आधी पुतळा बसवणार होते. बंदूक घेतलेला एक सैनिक. मूर्तिकार मातीचा नमुना घेऊन आला, तर प्रत्येक गावाला त्याच्यात शेजारच्या गावचा माणूस दिसायला लागला. एक म्हणे नाक आमच्याकडचं नाही, दुसरा म्हणे मिशी कशाला. सहा महिने नाकावर गेले. शेवटी बाबा म्हणाले, चेहरा कुणाचाच नको, नुसती नावं लिहा. असा तो पुतळा गेला आणि भिंत आली.

मग गावोगावच्या याद्या आल्या. यादीवर आमचा विश्वास नव्हता, म्हणून बाबांनी सांगितलं की नाव घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहून आणायचं. बायका यायच्या. दुकानात उभ्या राहायच्या, चिठ्ठी द्यायच्या, आणि बऱ्याच जणी विचारायच्या, कितव्या ओळीत येईल? बाबा ओळ सांगायचे. मग त्या जायच्या. रडणं वगैरे फार झालं नाही. ते घरी झालेलं असायचं.

आपल्या घरातून चिठ्ठी आली नाही. आईने दिली नाही. बेपत्ता म्हणजे मेला नव्हे, एवढं एकच तिचं म्हणणं. तू म्हणालास, चार वर्षं झाली, लांब्या गेला, हे शेंबड्या पोराला कळतं. आणि शाळेच्या हॉलमधल्या सभेत उभं राहून तू तेच बोललास. माझ्या भावाचं नाव घ्या म्हणालास. अध्यक्ष विरघळायच्या बेतात होते.

तेव्हा मी उठले. बायकांच्या खुर्च्यांमधून उठले आणि म्हणाले, "पुरावा आणा, मग नाव घाला."

तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली बसले. त्याच शनिवारी तू घर सोडून गेलास, त्यानंतर फक्त आई गेली तेव्हा दोन तासांसाठी आलास आणि अंगणातूनच परत गेलास.

का केलं असं विचारतोस. आईसाठी. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की बाईंना जगण्यात रस उरलेला नाही, कशात तरी मन अडकवा. तिचं मन एकाच गोष्टीत अडकलं होतं. बस आली की खिडकीत जायची. सकाळची, दुपारची, संध्याकाळची. लांब्याचे सदरे दर महिन्याला उन्हात घालायची, आणि त्याच्या बाह्या एवढ्या लांब, की दोरी खाली घ्यावी लागायची. दगडावर त्याचं नाव आलं असतं तर ती कशासाठी उठली असती?

हे कारण आहे. लिहून दिलंय. आता सही कर.

ताई

२ मार्च

धाकट्या,

अर्ज आला नाही. म्हणजे कारण पटलं नाही. लहानपणीसुद्धा मी अर्धं सांगितलं की तू तोंड फिरवून बसायचास.

९ तारखेला शिळा उतरवणार आहेत. त्यामुळे मला आता घाई आहे. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. ते उजाडायच्या आत माझ्याकडूनच तुला कळावं, दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको.

चौथ्या शिळेच्या मागच्या बाजूला लांब्याचं नाव आहे. मी कोरलंय. नावाखाली तारीख आहे.

स्मारकावर कुणाचीच तारीख नाही, तुला माहीत आहे. नुसती नावं. पण मागचं नाव मी स्मारकासाठी कोरलं नव्हतं, ते त्याच्यासाठी कोरलं होतं. एखाद्या माणसाचा दगड करायचा तर नावाखाली तारीख घालायची, हे हातात इतकं बसलंय की विचार न करता घातली. कागदावर मी हे कधीच लिहिलं नसतं. कागद सापडतो. दगडाची पाठ एकदा चुन्यात बसली की कोण बघतंय, असं वाटलं. दुपारची वेळ होती, बाबा समितीच्या बैठकीला गेले होते, शिळा दुसऱ्या दिवशी जायची होती. दोन तासांत कोरून मोकळी झाले.

आता तू विचारशील, तारीख कुठून आली.

युद्ध संपल्यावर दुसऱ्या वर्षी एक माणूस दुकानात आला. लांब्याच्या तुकडीतला ट्रक ड्रायव्हर. एका पायाने लंगडत होता. घर विचारत आला होता, तर कुणीतरी आधी दुकान दाखवलं. तू त्या दिवशी दगड आणायला खाणीवर गेला होतास, बाबा मागच्या खोलीत झोपले होते. त्याने स्टुलावर बसून सगळं नीट सांगितलं. माघार घेताना लांब्याला ताप आला. औषध नव्हतं. दोन दिवस याच्या ट्रकच्या मागे होता. इतका उंच, की पाय बाहेर यायचे आणि ट्रकची फळी लागायची नाही, म्हणून ती दोरीने बांधली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी एका पुलाच्या अलीकडे थांबले तर तो गेलेला होता. तिथेच पुरला. पुढे तुकडीचे कागद जळाले, म्हणून तो बेपत्ता. मी विचारलं, शेवटी काही बोलला का? ड्रायव्हर म्हणाला, पाणी मागितलं, आणि ट्रक हळू चालव म्हणाला.

मग तो उठला आणि म्हणाला, "आता आईंना भेटतो."

मी म्हणाले, "आईला सांगू नका. मी सांगते."

मी सांगितलं नाही. तिलाही नाही, बाबांनाही नाही, तुलाही नाही.

म्हणजे सभेत पुरावा मागितला तेव्हा पुरावा माझ्या खिशात होता. दोन वर्षं होता.

आईसाठी केलं हे खरं आहे. पण पुरतं खरं नाही. ते आता लिहिते, कारण दगडाची पाठ बघून हे कुणाला कळणार नाही. हे फक्त मलाच सांगता येईल.

दुकानात दोन घोड्या होत्या. दगड टेकवून कोरायच्या. एक बाबांची, एक लांब्याची. तो युद्धावर गेल्यावर तू ती तीनदा मागितलीस. तिन्ही वेळा बाबा म्हणाले, लांब्या येईपर्यंत त्याची घोडी कुणाला मिळायची नाही, तोवर ताई सांभाळेल. त्यांना वाटलं, मुलगीच आहे, सांभाळेल आणि सोडेल. मी सांभाळली. सांभाळता सांभाळता कोरायला शिकले. आणि मला ते इतकं आवडलं, धाकट्या, की सकाळी डोळा उघडला की हात शिवशिवायचे.

लांब्या मेला असं ठरलं असतं तर घोडी तुझी होती. त्यात प्रश्नच नव्हता. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता. बाबा एकदा खाणवाल्याला तसं म्हणाले, मी आतून ऐकलं. मी पुन्हा स्वयंपाकघरात गेले असते, किंवा कुणाच्या तरी घरी दिली गेले असते. तो बेपत्ता राहिला म्हणून मी दुकानात राहिले. तुझी बायको म्हणाली, तू लिफ्ट दुरुस्त करतोस. चांगलं काम आहे. पण तुझं काम ते नव्हतं. तुझ्या कामावर मी बसले आहे, एकोणतीस वर्षं.

आईलाही त्यासाठीच खिडकीत उभं केलं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. थोडं तिच्यासाठी, थोडं माझ्यासाठी. किती थोडं, ते मला खरंच माहीत नाही.

माफी मागत नाही. मागितली की तुझ्यावर ती द्यायचं ओझं येतं, आणि तुला ओझी मी आधीच पुष्कळ दिलीत. लांब्यासाठी सही कर, माझ्यासाठी नको.

ताई

१० मार्च

धाकट्या,

काल शिळा उतरवल्या.

क्रेनवाला मुकादम कामाचा माणूस आहे, फार बोलत नाही. पहिल्या तिन्ही सरळ निघाल्या. चौथीला चुना घट्ट धरून होता, पहारीने सोडवावी लागली. आडवी ठेवली ती पाठ वर करून. त्याने ब्रश मारला आणि थांबला. मला हाक मारली. म्हणाला, बाई, इथे काहीतरी लिहिलंय.

काय बघायचं ते मला माहीत होतं, तरी गेले. पाऊस नाही, ऊन नाही, धूर नाही. अक्षर काल कोरल्यासारखं होतं. समोरच्या बाजूच्या तीनशे बारा नावांपैकी एकही इतकं चांगलं राहिलेलं नाही. कोरताना हात थोडा घाईत होता हेही दिसतं.

समितीचे तिघं तिथेच होते. कुणी कोरलं विचारलं, मी म्हणाले मी. तारीख कशी कळली विचारलं, तर ड्रायव्हरचं सगळं सांगितलं. उभ्या उभ्याच. अजिबात थरथरले नाही, त्याचंच मला नंतर आश्चर्य वाटलं. तुझं आणि घोडीचं बोलले नाही. ते तुझं आणि माझं आहे.

आपल्या शाळेचे जुने मुख्याध्यापक आता समितीवर आहेत. ते म्हणाले, "तुमच्या आई मला दर आठवड्याला विचारायच्या, सरकारकडून काही कळलं का?" एवढंच म्हणाले आणि छत्री उचलून गेले. मी दुकानात आले आणि दार लावून रडले. तेव्हा एकदा, पुरेसं.

समितीच्या कारकून बाईंना मी विचारलं, आता तारीखच दगडावर आहे तर सही लागेल का? त्या म्हणाल्या, अर्जदारानेच कोरलेला पुरावा कसा धरायचा, उद्या कुणीही दगडाच्या मागे काहीही कोरेल. बाईंचं चुकीचं नाही. ड्रायव्हर वारला, नऊ वर्षं झाली, चौकशी केली मी. म्हणजे तुझी सही लागणारच.

ती शिळा दुकानात आणून ठेवली आहे, पाठ बाहेर करून. येणारे-जाणारे बघतात. बघू देत.

दहा दिवस आहेत.

ताई

२४ मार्च

धाकट्या,

अर्ज १८ तारखेला पोचला. चिठ्ठी नव्हती सोबत, मी पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा.

सही बघितली. अक्षर अजून तसंच सुरेख आहे तुझं. लिफ्टच्या तारांनी बिघडलं नाही. "सैनिकाशी नातं" या रकान्यात लिहिलंयस, सख्खा भाऊ. खालच्या रकान्यात, "दुसऱ्या अर्जदाराशी नातं", तिथे लिहिलंयस, काही नाही.

मी स्टुलावर बसले. वाईट वाटलं. लिहिणार नव्हते, पण लिहिते, खूप वाईट वाटलं. नंतर वाटलं, मी मागितली होती ती सही, आणि ती आली आहे. बाकी त्याचं त्याच्याकडे.

दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन गेले. कारकून बाईंनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "हे त्यांचे भाऊ, तुम्ही त्यांची बहीण, मग तुमचं एकमेकांशी काही नाही कसं? हे चालणार नाही. दुरुस्ती करून त्यांच्या सहीने आणा."

दुसऱ्याच दिवशी मुदत संपत होती. तुला फोन केला. तुझ्या बायकोने उचलला. ती हळू आवाजात म्हणाली की ते फोनवर येणार नाहीत, आणि सही केलीय तेवढी पुरे म्हणतात. तिला काही सांगण्यात अर्थ नव्हता. तिचा काय दोष?

तर ऐक, मी काय केलं. दुकानाचा नियम तुला माहीत आहे: घरच्याने कागदावर जे लिहून दिलं तेच कोरायचं, चूक असली तरी. त्याचं माणूस, त्याचा शब्द. इतक्या वर्षांत लोकांच्या चिठ्ठीतली एक मात्रा मी इकडची तिकडे केलेली नाही. २० तारखेला सकाळी दुकानात बसून तुझं "काही नाही" एका रेघेने खोडलं, वर "सख्खा धाकटा भाऊ" लिहिलं, आणि शेजारी तुझी छोटी सही केली. दुसऱ्याचं अक्षर उचलणं हे माझं कामच आहे. बाईंनी बघितलं, शिक्का मारला. त्यांना कळलं नाही.

हा खोटेपणा आहे. खोडलेलं तू लिहिलं होतंस, आणि ते लिहायचा तुला हक्क होता. मी तुझ्या जागेवर दुसऱ्यांदा बसले. पण या वेळी पंचवीस वर्षं थांबले नाही, चार दिवसांत सांगते आहे.

काल यादी फळ्यावर लागली. तीनशे तेरा. लांब्या आपल्या गावच्या नावांत शेवटून दुसरा आहे. हरकत घ्यायची मुदत २२ एप्रिल. समितीचा पत्ता या कागदाच्या मागे लिहिलाय, कारकून बाईंच्या नावाने पाठवलंस तर लवकर पोचेल. एक ओळ पुरे, की ती दुरुस्ती माझी नाही. तू पाठवलीस तर नाव निघेल, आणि काम माझ्याकडून जाईल. दुकानही बहुतेक जाईल, खोटी सही करणाऱ्या बाईकडे कोण दगड देतो? मी नाकबूल होणार नाही. तू लिहिलंस ते खरं आहे असंच सांगेन.

आणि नाही पाठवलीस तर नाव राहील. तेवढ्यावरून मी काही धरून चालणार नाही. माफ केलंस असंही नाही आणि नातं मानलंस असंही नाही. नुसतं नाव राहील.

बाकीच्या चार शिळा मी सुरू केल्या आहेत. आपल्या गावची शिळा २२ तारखेपर्यंत कोरी ठेवणार. बस आली की दुकानाच्या दारात जाते, पोस्टाची थैली तिच्यातूनच येते. सकाळची, दुपारची, संध्याकाळची.

आईला मी सोळा वर्षं उभं केलं. माझा तर एक महिनाच आहे.

ताई